सहा महिने नाशिक, सहा महिने पुणे

पडघा
२७ जानेवारी २०२५

अहो,

मी आक्काकडे आहे आणि बरी आहे. शनिवारी न सांगता निघाले, फ्रिजवर नुसती चिठ्ठी लावली, त्यामुळे तुम्ही घाबरला असाल. फोन मुद्दामच करत नाही. तुमचं कानाचं मशीन कपाटात असतं आणि मी काहीही बोलले की तुम्ही 'बरं बरं' म्हणता. या वेळी 'बरं बरं' चालणार नाही. आक्काच्या शेजारचा पंढरी भाजीचा टेम्पो घेऊन रोज भिवंडीत येतो. तो हे पत्र टेमघरला आणून देईल. उत्तर त्याच्याच हाती द्या.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या रूपाकडे हळदीकुंकू होतं. वाण घेऊन उठत होते, तेवढ्यात ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "काकू, तुमचं बाई छान ठरलंय. काकांच्या मागे सहा महिने नाशिक, सहा महिने पुणे. बसल्या जागी हवापालट."

मी विचारलं, "कोणी ठरवलं?"

ती गोंधळली. म्हणाली, "काकांनी दिवाळीत मृत्युपत्र केलं ना? आमच्या ह्यांची सही आहे साक्षीदार म्हणून. तुम्हाला माहीत नाही?"

दहाबारा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हसले आणि म्हटलं, "आमच्याकडे कागदपत्रांचं सगळं हेच बघतात." असं बोलून जिना चढले. तुम्ही पेपर वाचत बसला होतात. चहा झाला का म्हणून विचारलंत. मी चहा केला. रात्रभर विचार केला आणि सकाळी बॅग भरली.

तुम्ही जिवंत आहात, मी जिवंत आहे. तुमच्यामागे माझं काय होणार हे रूपाच्या नवऱ्याला ठाऊक आहे आणि मला नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

खरं काय ते लिहा. घर कोणाला दिलंत आणि मला कुठे ठेवलंत?

सुचेता


टेमघर, भिवंडी
३० जानेवारी २०२५

सौ. सुचेता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे दि. २७ चे पत्र पंढरीमार्फत मिळाले. मजकूर वाचून खेद वाटला. शेजारणीच्या एका वाक्यावरून घर सोडून जाणे तुझ्यासारख्या शिक्षिकेला शोभत नाही. विषय मुळात तुझ्या काळजीचाच आहे.

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर काही न लिहिता वारले. त्यांची मुले आजही कोर्टात आहेत. आपल्याकडे तसे होऊ नये म्हणून मी वेळीच व्यवस्था केली. ठेवींवर वारस म्हणून तुझेच नाव आहे. माझ्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन तुला मिळेल. सदनिका केदार व अदिती यांना निम्मी-निम्मी दिली आहे. सोसायटीच्या मीटिंगा, पाण्याची भांडणे, गळती, हा ताप तुझ्यामागे लागू नये एवढाच हेतू. या वयात बाईमाणसाने एकटे राहणे योग्यही नाही. सबब तू दोन्ही मुलांकडे आळीपाळीने राहावेस असे लिहिले आहे.

हे मी मनाने केलेले नाही. दोन्ही मुलांशी बोललो, दोघांनीही होकार दिला. केदारने एवढेच सुचवले की मार्चपर्यंत त्याच्या ईराच्या परीक्षा असतात, तिला स्वतंत्र खोली लागते, तेव्हा आईचे महिने एप्रिलपासून धरावेत. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर नाशिक आणि ऑक्टोबर ते मार्च पुणे, असे स्पष्ट नमूद केले. पुढे मुलांमध्ये वाद नको.

तुला सांगितले असते तर तू रडली असतीस. म्हणून सांगितले नाही, दुसरे काही कारण नाही.

दूध दोनदा उतू गेले. गॅसची शेगडी कशाने पुसतात ते कळव. लवकर ये.

प्रभाकर


पडघा
२ फेब्रुवारी २०२५

अहो,

एप्रिल ते सप्टेंबर. तुम्ही कोणत्या महिन्यात जाणार तेही कागदात नमूद केलंय का? जानेवारीत गेलात तर मी पुण्याला अर्ध्यातून जायचं की एप्रिलची वाट बघत जिन्यात बसायचं?

केदारला विचारलंत, अदितीला विचारलंत. ईराच्या परीक्षेचासुद्धा विचार झाला. वकिलाला फी दिलीत, रूपाच्या नवऱ्याला सहीला बोलावलंत. त्या दिवशी त्याच्यासाठी पोहे मी केले होते. सोसायटीचं काही काम असेल असं मला वाटलं. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ती स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरत होती.

मी रडले असते म्हणता. चिडले असते, आणि त्याचीच तुम्हाला भीती होती. तसं लिहा.

आणि सदनिका 'दिली' म्हणजे काय? घर घेतलं तेव्हा तुमचा पगार सगळा हप्त्यात जात होता. आपण चौघं जेवत होतो ते माझ्या पगारावर. कागदावर माझं नाव आलं नाही, कारण माझ्या शाळेला अनुदान नव्हतं आणि तिथली पगाराची पावती बँक मानत नव्हती. कामतघरला लूमवाल्यांच्या पोरांना मी आधी हिंदीत समजावायचे आणि मग मराठीत शिकवायचे. घसा बसेपर्यंत. त्या घरातल्या भिंतींत माझा घसा आहे.

इथे आक्काचं बघते आहे. भावोजी गेल्यापासून ती दोन महिने धाकट्या भूपेशकडे इथे पडघ्याला आणि दोन महिने थोरल्या दामूकडे शहापूरला असते. तिचे कपडे अजून बॅगेतच आहेत. मी म्हटलं, कपाटात लाव ना. तर म्हणाली, "कशाला? पुन्हा काढायचेच हायेत. आनि कपाट रीमाच्या सामानानं भरलंय." रीमा म्हणजे भूपेशची बायको. वाईट नाही हो ती. वेळेवर ताट वाढते. पण आक्का पाणीसुद्धा विचारून घेते. ज्या घरात ती पन्नास वर्षांपूर्वी माप ओलांडून आली, त्या घरात.

एक प्रश्न विचारते. मीच आधी गेले तर? तुमच्या कागदात त्याचं काय लिहिलंय? मग तुम्ही जाल का सहा महिने नाशिकला आणि सहा महिने पुण्याला? याचं उत्तर हवंय मला.

शेगडी लिंबाच्या सालीने पुसतात.

सुचेता


टेमघर, भिवंडी
८ फेब्रुवारी २०२५

सौ. सुचेता हिस आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझ्या भावनांचा विचार करून मी गुरुवारी वकीलसाहेबांकडे जाऊन आलो. मृत्युपत्रात बदल करीत आहे. नवा मसुदा असा:

"माझी पत्नी सौ. सुचेता हिला सदर सदनिकेत तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. तथापि तिला सदर सदनिका विकता, भाड्याने देता अथवा गहाण ठेवता येणार नाही. तिच्या पश्चात सदनिका केदार व अदिती यांना समान मिळेल."

आता नाशिक नाही आणि पुणे नाही. वकीलसाहेब म्हणाले, कलम फार उदार आहे. तुझे समाधान होईल अशी खात्री वाटते.

तुझ्या दुसऱ्या शंकेबाबत: तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान असून तुझी प्रकृती उत्तम आहे. सबब तो प्रश्न उद्भवत नाही.

केदारचा फोन आला होता. तू अशी निघून गेलीस हे त्याला आवडलेले नाही. मी दुपारी खानावळीत जेवतो. तिथली डाळ पातळ असते. मंगळवारपर्यंत ये म्हणजे सही करून टाकू.

प्रभाकर


पडघा
१२ फेब्रुवारी २०२५

अहो,

मंगळवार कालच झाला. मी का आले नाही ते सांगते.

काल आक्काचे इथले दोन महिने भरले. दामू सकाळी गाडी घेऊन येणार होता. रीमाच्या माहेरी लग्न आहे, त्यांनाही निघायचं होतं, म्हणून तिने न्याहारीनंतर आक्काची बॅग ओट्यावर नेऊन ठेवली. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बॅगेशेजारी बसली. मी तिच्याजवळ बसले. हायवेवर गाडीचा आवाज आला की ती पदर सारखा करायची.

दुपारी दामूचा फोन आला. गोडाऊनला माल आलाय, संध्याकाळी येतो म्हणाला. रीमाने ताट ओट्यावरच आणून दिलं. घर आवरून झालं होतं, आत पुन्हा खरकटं नको होतं तिला. आक्का जेवली. मी नाही जेवले.

दिवेलागणीला पुन्हा फोन आला, आता उद्या. मग मात्र मी उठले. भूपेशला म्हटलं, "तुझी आई सकाळपासून बाहेर बसलीय. तिला आत घे."

तो वैतागून म्हणाला, "मावशी, मी कुठं कमी पडलो ते सांग. माझे दोन महिने झाले. दादा दर वेळेला चार दिवस लांबवतो आनि ते माझ्या अंगावर येतात. दर वेळेला मीच का?"

"दिवस मोजतोस आईचे?"

"मी न्हाय मोजत. अण्णांनीच लिहून ठेवलंय तसं. दोन महिने त्याच्याकडं, दोन महिने माझ्याकडं. आम्ही त्यांच्या शब्दाबाहेर गेलो न्हाय."

भावोजी किती सज्जन माणूस होता ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनीही काळजीपोटीच लिहिलं असणार. मुलांमध्ये वाद नको म्हणून. मुलं आज्ञाधारक निघाली आणि आक्का दिवसभर ओट्यावर बसली. तुमचा कागद कसा चालतो ते मी काल डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी भूपेशनेच बॅग उचलून आत नेली. तो काही राक्षस नाही. माझ्या नजरेला नजर मात्र देईना. लग्नाला ती दोघं आज सकाळी गेली. झोपताना आक्का म्हणाली, "मला एक ठिकान दिलं असतं ना, तर मी कोनालाच नकोशी झाले नसते."

आता तुमचं उदार कलम. विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. उद्या मी अंथरुणाला खिळले, बाई ठेवायची वेळ आली, तर तिचा पगार कुठून देऊ? मुलांपुढे हात पसरू? तुम्ही मला घर दिलेलं नाही. मुलांचं घर राखायला बसवलंत, आणि तेही मी मरेपर्यंत. वकिलाला माझ्यातर्फे सांगा, इतका उदारपणा त्यांनी स्वतःच्या आईला दाखवावा.

आणि प्रश्न उद्भवत नाही म्हणे. मरण काय सेवाज्येष्ठतेने येतं?

मी रुसून बसलेले नाही. परत यायचं ते माझ्या घरात की तुमच्या, एवढंच मला कळत नाही.

सुचेता


टेमघर, भिवंडी
२४ फेब्रुवारी २०२५

सुचेता,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो, पण 'सदर' आणि 'सबब' यांच्यापुढे जाईना. आज जमतं का बघतो.

काल केदार आला होता. मसुदा बदलतोय हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "बाबा, ठरलेलं कशाला मोडता? बिल्डिंग आज ना उद्या पाडून नवीन होणार. तेव्हा आई एकटी काय करणार इथे? आणि आई उद्या मावशीलाही आणून ठेवेल."

तुझा प्रश्न डोक्यात होता. सहज म्हणून विचारलं, "आणि आई आधी गेली तर माझं काय?"

तो क्षणभरही थांबला नाही. "तेच की. सहा महिने आमच्याकडे, सहा महिने ताईकडे. फक्त तुमची ही खाट नाही मावायची आमच्याकडे. फोल्डिंगची घेऊ."

तो प्रेमानेच बोलला. पण मला भयंकर राग आला. मी कुठे निजायचं ते हा ठरवणार? सकाळी फिरून आल्यावर ओट्यावरच्या जोश्यांशी बोलायचं नाही, माझ्या खुर्चीत बसायचं नाही, चहा हवा तर सुनेचा मूड बघायचा? मी कानाचं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "हे माझं घर आहे, मला इथून कोणी उठवायचं नाही," हे दोनतीनदा म्हणालो असेन. केदार काहीतरी बोलत होता. मला त्याचे फक्त ओठ दिसत होते.

तो गेल्यावर तुझी पत्रं पुन्हा काढली. मी जे ओरडून बोललो ते तू तिन्ही पत्रांत लिहिलं होतंस. मी ते तुझं रुसणं समजत होतो.

आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. दोन्ही मुलं हो म्हणाली असं लिहिलं होतं. अदिती हो म्हणाली नव्हती. "आधी आईला विचारा, मग माझं सांगते," असं म्हणाली होती. मी ते होच धरलं.

आज सकाळी वकिलाकडे गेलो. जुनं मृत्युपत्र रद्द करतोय. निम्मं घर बक्षीसपत्राने आत्ताच तुझ्या नावावर होईल, माझ्या मागे नाही. उरलेलं निम्मं नव्या मृत्युपत्रात तुला, कोणत्याही अटीशिवाय. विक, भाड्याने दे, तुझी मर्जी. वकील म्हणाले, मुलं नाराज होतील. मी म्हटलं, होऊ देत. तुझं मृत्युपत्र तू स्वतः कर. त्यात काय लिहितेस ते मी विचारणार नाही. मनातून विचारावंसं वाटेल, पण विचारणार नाही.

गुरुवारी ६ मार्चला निबंधक कचेरीत नंबर आहे. बक्षीस स्वीकारल्याची सही तुलाच करावी लागते, त्यामुळे यावं लागेल. आधार कार्ड घेऊन ये.

आणि एक विचारायचं राहिलं आहे. तुला कुठे राहायचं आहे? आणि कोणाबरोबर?

प्रभाकर


पडघा
९ मार्च २०२५

अहो,

गुरुवारी सही झाल्यावर मी तिथूनच पडघ्याला परत आले, म्हणून तुमचा चेहरा उतरला. रिक्षातून दिसत होता मला. आक्काला तसंच सोडून मला येता येत नव्हतं. दामू अखेर तीन दिवसांनी आला होता. आला तेव्हा आक्काला ताप होता, तो "बरी झाली की नेतो" म्हणून निघून गेला. तेव्हापासून ती भूपेशकडे जादा दिवसांवर राहते आहे, आणि रीमा ते बोलून दाखवत नाही एवढंच.

कचेरीतल्या माणसाने विचारलं, "काका, मुलांना माहीत आहे ना?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "जिला माहीत पाहिजे ती शेजारी उभी आहे." ते मी ऐकलं. बरं वाटलं. पण राग अजून गेलेला नाही, तो काही एका सहीने जाण्यासारखा नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुम्ही माझ्या समोर बसून जेवत होतात आणि ते कागद कपाटात होते, हे मला अजून आठवतं. आठवलं की तुमच्याशी बोलू नये असं वाटतं. तसं वाटेल तेव्हा मी बोलणार नाही. ते तुम्ही सहन करायचं.

विचारलंत, म्हणून सांगते. मला टेमघरलाच राहायचं आहे. तुम्ही आहात तोवर तुमच्याबरोबर. तुम्ही नसाल तेव्हा हातपाय चालतील तोवर एकटी. नंतर एक खोली भाड्याने देईन आणि त्या पैशात बाई ठेवीन. केदारकडे जाईन, अदितीकडेही जाईन, नातीला भेटायला आणि मला वाटेल तेव्हा. केदारला मी स्वतंत्र लिहिलं आहे. काय लिहिलं ते तोच सांगेल तुम्हाला, फोनवर मोठ्याने.

आता आक्काचं. परवा तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, कायमची. ती ऐकून घेईना. म्हणाली, "तुझ्याकडं आले म्हंजी तिसरी बारी. दोन घरांतून उठवत होते, आता तीन होतील." मला रागच आला. मी तुझ्यासाठी एवढं भांडते आणि तू मला दामूच्या रांगेत बसवतेस, असं बोलून गेले. संध्याकाळभर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. एका खोलीत, दोन म्हाताऱ्या.

नंतर माझ्या ध्यानात आलं. तिला ने म्हणणारी मीच, कायमची म्हणणारीही मीच. तिला काय हवंय ते मीसुद्धा विचारलं नव्हतं. तुमच्यावर महिनाभर आग पाखडली आणि सहा वाक्यांत तुमच्यासारखीच झाले.

आज सकाळी मग नीट विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "येते. पर परत कधी जायचं ते मी ठरवनार. दामूनं न्हाय, भूपेशनं न्हाय आनि तू पन न्हाय. आठ दिवसांत जाईन न्हायतर मरेपर्यंत ऱ्हाईन. विचारायचं न्हाय मला."

मी हो म्हटलं आहे. मंगळवारी पंढरीच्या टेम्पोतून येतो आहोत. तिची अट तुम्हालाही पाळावी लागेल. मान्य नसेल तर तिची खाट माझ्या निम्म्यात घालीन. मान्य असेल तर तिला हवी तिथे घालू.

सुचेता